नखीखालची रेघ

प्रश्न : २०१८ मध्ये आम्ही एका हिऱ्याची अंगठी घेतली. खडा ५४ सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटहून थोडा जास्त, सोबत प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र, त्यावर क्लॅरिटी व्हीएस-२. यंदा एक नखी, म्हणजे खडा पकडून ठेवणारं सोन्याचं टोक, झिजली म्हणून अंगठी दुरुस्तीला दिली. पंधरा दिवसांनी परत मिळाली तेव्हा मुलीनं ऑनलाइन मागवलेल्या भिंगातून पाहिलं, तर खड्याच्या कडेला पांढरी रेघ. ती आम्हाला आधी कधीच दिसली नव्हती. दुकानदार म्हणतात, "ताई, खडा तोच आहे." माझा विश्वास बसत नाही. हिरा बदलला गेला असेल का? आणि हे व्हीएस-२ कोण ठरवतं, कशावरून ठरवतं?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा मी संपादकांमार्फत एकच निरोप पाठवला होता : अंगठी घेऊन या आणि प्रमाणपत्र मूळचं आणा, झेरॉक्स नको. तुम्ही दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या इतवारीत, माझ्या हिरे तपासायच्या टेबलाशी आलात, पण फाईलमध्ये झेरॉक्सच निघाली आणि मूळ कागदासाठी तुम्हाला पुन्हा प्रतापनगर गाठावं लागलं. एप्रिलच्या उन्हात दोन खेपा झाल्या याचं मला वाईट वाटलं. पण मूळ कागदाशिवाय तुमच्या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता आलं नसतं. तुमच्या परवानगीनं सगळी हकीकत इथे लिहिते, कारण अशी शंका पोटात घेऊन माझ्या टेबलापर्यंत बऱ्याच बायका येतात. न येणाऱ्या त्याहून जास्त असणार.

आधी क्लॅरिटी समजून घेऊ. हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रचंड दाबात आणि उष्णतेत तयार होतो. तयार होताना त्याच्या पोटात काहीबाही अडकून राहतं. दुसऱ्या खनिजाचा कण असतो, हिऱ्याचाच इवला स्फटिक असतो, कधी ताणामुळे पडलेली चीर असते. या झाल्या आतल्या खुणा. घडवताना किंवा वापरताना वरच्या अंगाला ओरखडे येतात, टवके उडतात, त्या बाहेरच्या खुणा. दोन्ही मिळून हिरा किती स्वच्छ आहे ते ठरतं. बाजारात सगळ्याला सरसकट 'डाग' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. ज्या मोजपट्टीवर आज बहुतेक जग चालतं ती अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५३ मध्ये आणली. तिच्या शेवटच्या पायरीला पूर्वी 'इम्पर्फेक्ट' म्हणत, म्हणजे सदोष. पुढे त्यांनीच तो शब्द काढून 'इन्क्लुडेड' केला, म्हणजे पोटात काही असलेला. हा बदल मला फार योग्य वाटतो.

मोजपट्टीला अकरा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर एफएल, आत-बाहेर काहीच नाही. मग आयएफ, आत काही नाही, वर किरकोळ खूण. त्यानंतर व्हीव्हीएस-१ आणि २, व्हीएस-१ आणि २, एसआय-१ आणि २, आणि शेवटी आय-१, २, ३. अक्षरं पाठ नसली तरी चालेल, त्यामागचा हिशोब मात्र ध्यानात ठेवा. शिकलेल्या माणसाला दहा पट मोठं करून पाहताना खूण किती कष्टानं सापडते, एवढंच ही अक्षरं सांगतात. व्हीव्हीएसमध्ये खूण शोधायला बराच वेळ जातो. व्हीएसमध्ये थोडं हुडकावं लागतं. एसआयमध्ये भिंग धरताच नजर तिथे जाते. आयमध्ये ती इतकी ठळक असते की पुष्कळदा नुसत्या डोळ्यालाही दिसते आणि खड्याची चमकही खाते.

'दहा पट' हे दोन शब्द अधोरेखित करा. मोठ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली खूण शोधताना मोठेपणा वाढवतातही, पण श्रेणी देताना पुन्हा दहा पटीवर येतात. एकापेक्षा जास्त जाणकार तोच खडा स्वतंत्रपणे पाहतात. तुमच्या मुलीच्या भिंगावर '३० पट' छापलं होतं. मी ते माझ्या भिंगाशेजारी धरून पाहिलं, तिसाच्या जवळपासही जात नव्हतं आणि कडेला निळी-पिवळी झालर दिसत होती. हिऱ्यासाठी तीन काचा जोडून केलेलं दहा पटीचं भिंग लागतं. त्यात रंग फुटत नाहीत आणि कडा वाकत नाहीत. बाजारात आम्ही त्याला आयग्लास म्हणतो. तरीही मुलीचं कौतुक आहे. तिनं पाहिलं म्हणून हा प्रश्न पुढे आला.

खूण सापडल्यावर तिची किंमत कशी करायची? ती केवढी आहे, अशा किती आहेत, कुठे आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत आणि किती उठून दिसतात, हे सगळं एकत्र तोलायचं. यातली जागा सगळ्यात महत्त्वाची असं माझं मत आहे. समजा, खड्याच्या वरच्या सपाट पैलूखाली, ज्याला टेबल म्हणतात, मधोमध काळा कण आहे. तो तर दिसणारच. पण तो खाली टोकाजवळ असेल तर खालचे पैलू आरशासारखे काम करतात आणि एका कणाचे सहा-आठ कण गोल करून उभे राहतात. नवख्याला वाटतं, हिरा ठिपक्यांनी भरलाय. खडा जरा तिरपा केला की प्रतिबिंबं सरकतात आणि मूळ कण एकटा उरतो. तोच कण गर्डलजवळ, म्हणजे हिऱ्याच्या कंबरेशी असता तर श्रेणी एखादी पायरी वर गेली असती.

आता तुमच्या अंगठीकडे येते. आधी मी ती कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून भिजवली आणि मऊ ब्रशनं मागून साफ केली. हिऱ्याला तेलतुपाची ओढ फार. खड्याच्या पाठीमागून वाळलेली कणीक निघाली, ती तुम्हीही पाहिलीत. साफ केल्याशिवाय भिंगाखाली जे दिसतं त्यातलं निम्मं स्वयंपाकघरातलं असतं. मग खिडकी लावून घेतली आणि प्रकाश बाजूनं सोडला. वरून प्रकाश टाकला तर हिरा नुसता झगमगतो, पोटातलं काही दिसू देत नाही. बाजूनं टाकला की आतली चीर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उजळते.

प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात हिऱ्याची दोन गोल रेखाचित्रं आहेत, एक वरून, एक खालून. त्यावर लाल आणि हिरव्या बारीक खुणा आहेत. लाल म्हणजे आतलं, हिरवं म्हणजे बाहेरचं. झेरॉक्समध्ये दोन्ही काळे होतात आणि आत काय, बाहेर काय हेच कळेनासं होतं. म्हणून तुम्हाला उन्हात परत पाठवलं. तुमच्या चित्रात टेबलाखाली एक स्फटिक आहे, त्याच्या शेजारी टाचणीच्या टोकासारखे दोन ठिपके आहेत, आणि कडेला एक लहान लाल रेघ आहे. या रेघेला प्रयोगशाळेच्या भाषेत 'फेदर' म्हणतात, पीस. बाजूनं पाहिलं तर चीर खरोखर पिसासारखी दिसते.

चित्र हातात धरून घड्याळाचे काटे कल्पायचे. तुमच्या चित्रात स्फटिक अकरा वाजता, पीस पाच वाजता. पण अंगठीतला खडा चित्रातल्यासारखा उभा बसवलेला असेलच असं नाही, म्हणून आधी एक ओळखीची खूण पकडायची. मी स्फटिक शोधला. तो सापडला सुमारे दोनच्या जागी, आणि दोन ठिपके त्याच्या शेजारी, चित्रात होते त्याच बाजूला. म्हणजे खडा चित्रापेक्षा तीन तासांनी फिरलेला. मग पीस पाचऐवजी आठला असायला हवं. भिंग आठवर नेलं आणि रेघ तिथेच होती, तेवढीच, तशीच तिरपी. मी तुम्हालाही दाखवली. तुम्ही दोनदा पाहिलीत, चित्राशी ताडून पाहिलीत, आणि मग पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकलीत.

खडा तुमचाच आहे, ताई. मोजमाप जुळलं, व्यास ५.२ मिलिमीटरच्या आसपास, प्रमाणपत्रात लिहिलाय तेवढाच. गर्डलवर लेझरनं कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एका नखीच्या बाजूनं वाचता आले, तेही जुळले.

मग रेघ आधी का दिसली नाही? कारण आधी ती नखीखाली होती. कारागिरानं झिजलेल्या नखीऐवजी खड्याचं सगळं बैठकच नवीन केलंय. सोन्याचा रंगही तिथे जरा ताजा आहे. त्यासाठी खडा काढला आणि परत बसवताना तो थोडा फिरला. पूर्वी बसवणाऱ्यानं कडेची रेघ मुद्दाम नखीखाली ठेवली होती. ही चांगल्या जडाव कारागिराची जुनी रीत आहे, खडा डोळ्याला स्वच्छ दिसावा म्हणून. यंदाच्या कारागिरानं तेवढं पाहिलं नाही. दुकानदार खोटं बोलले नाहीत. पण बैठक बदललंय आणि खडा बाहेर काढला होता, हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं बोलणं झालं असतं तर तुमच्या महिनाभराच्या झोपा वाचल्या असत्या.

नखीखाली खूण लपवण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. हिरा सगळ्यात कठीण, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते ओरखड्यापुरतं खरं. हिऱ्याच्या आत चार दिशा अशा असतात की त्या दिशेनं जोराचा आघात झाला तर तो सरळ फुटतो. चीर आतच मिटलेली असेल, जशी तुमच्या खड्यात आहे, तर काळजी नाही. पण चीर पृष्ठभागापर्यंत येत असेल आणि नेमक्या तिच्यावर नखी दाबली, तर दाबतानाच टवका उडू शकतो. अशा खड्याला दागिने साफ करायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्येही घालू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९७ साली, मुंबईहून शिकून येऊन मला थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा महाल भागातल्या एका कुटुंबानं वाटणीसाठी अंगठी तपासायला दिली. जडवलेलीच होती. मी तासभर पाहिलं आणि कागदावर ठसठशीत अक्षरांत व्हीएस-१ लिहून सही केली. त्या अक्षरांवर भावाभावांत हिशोब झाला. सहा महिन्यांनी अंगठीचं माप वाढवायला खडा काढला, तर नखीखालून गर्डलपर्यंत आलेली लांब चीर निघाली. मोकळ्या खड्याला मी एसआय-२ च्या वर काही देऊ शकले नसते. मी त्यांच्या घरी गेले, दोन्ही भावांना समोर बसवून चूक सांगितली आणि नवा कागद दिला. वाटणीचा हिशोब त्यांना पुन्हा करावा लागला. त्या घरातला तो शांतपणा मी विसरलेले नाही. तेव्हापासून जडवलेल्या खड्याच्या कागदावर मी 'जडवलेल्या स्थितीत, अंदाजे' असं लिहिल्याशिवाय सही करत नाही. प्रयोगशाळासुद्धा दागिन्यातल्या खड्यांना जास्त करून एका पायरीऐवजी दोन-तीन पायऱ्यांची श्रेणी देतात ती त्यामुळेच. मोकळा खडा आणि जडवलेला खडा यांचं व्हीएस एकसारखं वाचू नका.

पुढच्या वेळी दुरुस्तीला देताना एवढं करा. दुकानातच भिंग मागा, दुकानदारासोबत खडा पाहा, आणि पावतीवर खड्याचं वजन, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि एक ठळक खूण लिहून घ्या. "टेबलाखाली स्फटिक, शेजारी दोन ठिपके" एवढं पुरे. कोणी वाईट वाटून घेत नाही. चांगला सराफ तर खूश होतो, कारण त्यालाही नंतर वाद नको असतो. सगळ्या प्रमाणपत्रांवर असं चित्र नसतं, लहान खड्यांच्या संक्षिप्त अहवालात बहुतेकदा नसतंच. तसं असेल तर गर्डलवरचा क्रमांक कुठे कोरलाय ते पाहून ठेवा.

तुमची रेघ पुन्हा नखीखाली घालून घ्यायची का, असं तुम्ही जाताना विचारलंत. घालता येईल, पण खडा आणखी एकदा काढावा लागेल. नुसत्या डोळ्याला ती दिसत नाही. मी तर तशीच राहू देईन.

प्रश्न : साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायची आहे. तेवढ्याच पैशांत ३० सेंटचा व्हीव्हीएस-१ किंवा ४० सेंटचा एसआय-१ मिळतोय. दुकानात म्हणून राहिले की व्हीव्हीएसच घ्या, चमक जास्त असते. खरं का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : चमकेचा आणि व्हीव्हीएसचा तसा काही संबंध नाही. चमक येते ती घडणीतून, पैलू कोणत्या कोनात आणि किती नीट पाडले त्यावरून. प्रमाणपत्रात 'कट' म्हणून वेगळी ओळ असते, ती वाचा. ढोबळ घडणीचा व्हीव्हीएस-१ मंद दिसतो आणि उत्तम घडणीचा एसआय-१ खोलीभर उजेड फेकतो. मी तुमच्या जागी असते तर ४० सेंटचाच घेतला असता, पण डोळे मिटून नाही.

अंगठी नेहमी ज्या अंतरावरून दिसते, साधारण एक वीत किंवा थोडं जास्त, तेवढ्यावर धरा. दुकानातल्या बारीक दिव्यांखाली सगळंच लखलखतं, म्हणून खडा दाराशी नेऊन सावलीतल्या उजेडात पाहा. टेबलाच्या मधे काळं काही दिसतं का? दिसत नसेल तर हातावर कोणालाच दिसणार नाही. मग भिंगातून पाहा, चीर असेल तर ती कडेपर्यंत पोचते का. अंगठी रोजच्या वापराची आहे, गाडीचं हँडल, कुकरचं झाकण, सगळीकडे आपटणार.

प्रमाणपत्राच्या खाली शेऱ्याची ओळ असते, तिकडे कोणी बघत नाही. तिथे "श्रेणी चित्रात न दाखवलेल्या क्लाउडवर आधारित" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर मी तो खडा सोडून देईन. क्लाउड म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा ढग. चित्र त्यामुळे कोरं, छान दिसतं, आणि हिरा दुधाळ असू शकतो. खात्री करायची तर खडा दुसऱ्या स्वच्छ खड्याशेजारी ठेवा, धूसरपणा लगेच कळतो.

आणखी एक. कागद नसलेला आणि फारच स्वस्तात 'एसआय' म्हणून दिलेला खडा घेऊ नका. चिरांमध्ये काचेसारखा पदार्थ भरून त्या झाकतात, १९८० च्या दशकापासून हे चालत आलंय. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला की चिरेवर एकदम नारिंगी किंवा निळी-जांभळी झळक येते. अशा खड्यावर दुरुस्तीच्या वेळी सोनाराची ज्योत लागली की भरलेलं खराब होतं आणि चीर उघडी पडते. जीआयए असल्या भरलेल्या खड्याला श्रेणीच देत नाही.

प्रश्न : अंगठीवर हॉलमार्क आहे, मग हिऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र कशाला?
— एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : हॉलमार्क फक्त सोन्याचा. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवाच, आणि १८ कॅरेटच्या अंगठीवर ७५० असं लिहिलेलं असतं. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून सोन्याची शुद्धता ताडून पाहा. हिऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. बिल घेताना सोन्याचं वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या.

प्रश्न : सुनेनं लॅबमध्ये बनलेल्या हिऱ्याचे टॉप्स घेतले. कागदावर व्हीव्हीएस-१ आहे. बनावट हिऱ्याला व्हीव्हीएस कसं काय देतात?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : काकू, बनावट म्हणू नका. तो कार्बनचाच आहे, खरा हिरा आहे, फक्त जमिनीऐवजी यंत्रात वाढलेला. सुनेनं काय घेतलं ते तिला माहीत असेल आणि दुकानानं बिलावर तसं स्पष्ट लिहिलं असेल, तर यात वावगं काही नाही. परत विकताना मात्र नैसर्गिक हिऱ्यासारखी किंमत येणार नाही, एवढं तिच्या कानावर घाला.

त्याच्याही पोटात खुणा असतात, पण वेगळ्या. दाब आणि उष्णतेनं बनवलेल्या हिऱ्यात वितळलेल्या धातूचे अंश राहून जातात. काही वेळा ते इतके असतात की खडा तगड्या चुंबकाकडे ओढला जातो. वायूपासून थरावर थर वाढवलेल्या हिऱ्यात काळे कार्बनचे कण सापडतात. पण व्हीव्हीएस दर्जाच्या खड्यात नुसत्या भिंगानं नैसर्गिक आणि लॅबचा वेगळा ओळखता येत नाही, त्याला यंत्रच लागतं. कोणी नजरेनं ओळखून दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या शंकेत तथ्य आहेच. लॅबमधले बहुतेक हिरे वरच्या थोड्याशा पायऱ्यांतच येतात, त्यामुळे अकरा पायऱ्यांच्या पट्टीला तिथे फारसा अर्थ उरत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएनं लॅबच्या हिऱ्यांना ही अक्षरं देणं थांबवलं, ते आता 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच लिहितात. इतर काही प्रयोगशाळा जुनीच अक्षरं देतात. हा निर्णय मला पटला.

प्रश्न : माझ्याकडे आजेसासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, सात-सात खड्यांच्या. डाव्या कुडीतल्या एका खड्यात काळा ठिपका आहे. आत्याबाई म्हणतात ते काकपद आहे, घरात ठेवू नकोस, मोडून टाक. मोडायचा जीव होत नाही. काय करू?
— एक वाचक, महाल

उत्तर : मोडू नका. काकपद हा शब्द जुना आहे, आत्याबाईंनी कुठूनतरी ऐकलाय तो उगीच नाही. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत हिऱ्याची परीक्षा सांगितली, त्यात कावळ्याच्या पायासारखी खूण, माशी, केस असे दोष मोजले आहेत. जुन्या लोकांकडे भिंग नव्हतं, सूक्ष्मदर्शक नव्हता, तरी त्यांनी आतल्या खुणांना आकारावरून नावं दिली. आजच्या प्रयोगशाळा 'पीस', 'सुई', 'ढग' म्हणतात, तेही तसंच. त्या निरीक्षणाबद्दल मला आदर आहे. शुभ-अशुभाचा भाग मी बाजूला ठेवते. ठिपक्यानं घरात काही घडत नाही.

हिऱ्याशी आपल्या भागाचं नातंही जुनं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या, आरमोरीजवळच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. तुमच्या कुड्यांतले खडे तिथले आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण हिऱ्यातल्या खुणा पारखणारी नजर इथे काल-परवा आली नाही.

तुमच्यासारख्याच जुन्या कुड्या मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या होत्या, त्यातही असाच 'काळा ठिपका' होता. भिंगाखाली घेऊन मागून उजेड दिला, तर काळा नव्हताच, गडद लालसर जांभळा निघाला. तो गार्नेटचा, म्हणजे एका लालसर खनिजाचा, कण होता. हिरा जमिनीच्या पोटात वाढत असताना शेजारचा एवढासा गार्नेट त्यानं पोटात घेतला आणि कोट्यवधी वर्षं तो तसाच राहिला. त्या बाई कितीतरी वेळ डोळा भिंगाला लावून बसल्या होत्या. तुमचा ठिपका गार्नेटच असेल असं नाही, काळं ग्राफाइट असू शकतं, चिरेत शिरलेला मळही असू शकतो. मळ असेल तर साफ करून जातो. मोडायच्या आधी एकदा दाखवून घ्या.

कोणी सुचवलं की खडे काढून नव्या पद्धतीनं पैलू पाडून घ्या, तर तेही नको. जुन्या घडणीचे खडे हातानं पाडलेले असतात, नव्यानं पाडताना वजन जातं आणि चौदा खड्यांची जोडी बिघडते. लहान खड्याच्या आय-१ आणि व्हीएसमधला फरक कानात कोण पाहणार? कुड्या घाला. घालायच्या आधी फिरकी मात्र तपासून घ्या, इतक्या जुन्या कुड्यांचे आटे झिजलेले असतात. ते काम इतवारीतला कोणताही चांगला कारागीर खडे न काढता करून देतो.